दशमांश दिला म्हणजे झालं?

रविवारची उपासना आणि दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी देणं, एवढं नीट झालं की ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य संपलं, सेवा संस्थांनी बघावी, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे, आणि येशूचा शिष्य पेत्र तर आपल्याला देवाच्या कृपेचे कारभारी म्हणतो. कारभाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो.

आपल्या नाशिकचंच बघा. गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर होता. ते वारले तेव्हा त्याने दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर लेख कोरला आणि पेट्यांतल्या सामानाची यादी केली. मग सगळ्यांनी मिळून पार्थिव आणि कागदपत्रं कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत पोचवली. त्या यादीचं मला फार मोल वाटतं. मालक गेलेला, विचारणारं कोणी नाही, तरी नोंद केली.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका सिव्हिल हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना पिठलं-भाकरी नेतात. पीठ किती आलं, भाकरी किती झाल्या, उरलं ते कुणाला दिलं, सगळं वहीत असतं. पैसा फार लागत नाही, लागतो तो वेळ, आणि तोच देताना आपण कुरकुरतो. दशमांश जरूर द्या. पण दारातली गाडी, रिकामी खोली, अंगातलं कसब हेही देवाचंच दिलेलं आहे ना? भाकऱ्या थापायला आणि डबे पोचवायला माणसं कमी पडतात. ज्यांना जमेल त्यांनी इथेच कळवा.