विषय: रविवारची सहल – बीनलीच्या पुढे गाडी बंद, मग बर्ली की ब्रॉडवॉटर?

प्रेषक: ताई (सहल समिती)
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

आत्ता वेळापत्रक उघडलं आणि धस्स झालं. आपल्या रविवारी रुळांचं काम काढलंय. ब्रिस्बेनहून गोल्ड कोस्टला जाणारी गाडी बीनलीच्या पुढे नाही, बदली बस. गणपतीत हात वर केलेले सव्वीस जण गाडीने येणार होते, त्यातले अकरा जण कोणाकोणाचे आईवडील आहेत. बर्लीच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं म्हणजे आता गाडी, मग बदली बस, हेलन्सव्हेलला ट्राम, ब्रॉडबीच साउथला उतरून पुन्हा ७०० नंबरची बस. चार वाहनं, आणि तेवढंच परत.

मसालेभाताचं मोठं पातेलं गाडीतून न्यायचं ठरलं होतं. बसमध्ये ते कुठे ठेवणार?

बुधवारपर्यंत काय ते सांगा, पुढचं सगळं त्यावर आहे.

– ताई

---

प्रेषक: अप्पा
सोमवार, रात्री १०:१५

ताई, घाबरून जाऊ नकोस. सहल बर्लीलाच होते, इतकी वर्षं होत आली आहे. पहाटे जाऊन झाडाखालची जागा मी स्वतः धरतो, चटया टाकतो. केवड्याची झाडं, हिरवळीचा उतार, समोर उघडा समुद्र. परतीचे देवमासे अजून दिसताहेत. हे दुसरीकडे कुठे मिळणार?

ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांनी आईवडिलांना आणावं, प्रश्न मिटला.

अप्पा

---

प्रेषक: नाना (सनीबँक)
मंगळवार, सकाळी ६:०५

> ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांनी आईवडिलांना आणावं

अप्पा, मोटार लावायची कुठे? मागच्या वर्षी मी सकाळी सव्वानऊला बर्लीला पोचलो आणि सव्वादहाला मोटार लागली, तीही टेकडीच्या पलीकडे. आईला हिरवळीवर उतरवून गेलो होतो. ती तासभर एकटी उन्हात बसली. तिला इंग्रजी येत नाही, फोन माझ्या खिशात. परत आलो तेव्हा पदर डोक्यावर घेऊन, पिशवी घट्ट धरून तशीच बसलेली. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

माझं म्हणणं: साउथपोर्टचं ब्रॉडवॉटर पार्कलँड्स. ट्रामचं स्टेशन बागेच्या तोंडाशीच आहे, नावही तेच. पाणी संथ, लहान मुलांना खेळायला उथळ जागा, विजेच्या शेगड्या फुकट. हेलन्सव्हेलहून एक ट्राम, मध्ये बदलायचं नाही.

सनीबँककरांसाठी: गोल्ड कोस्टची गाडी सनीबँकला थांबत नाही, अल्टंडीला थांबते. दरवर्षी कोणीतरी चुकीच्या फलाटावर उभं राहतं.

नाना

---

प्रेषक: अप्पा
मंगळवार, सकाळी ७:३०

ब्रॉडवॉटर म्हणजे खाडी, नाना! मध्ये स्पिट नावाचा वाळूचा पट्टा आडवा आहे, पलीकडे समुद्र. तुम्ही रत्नागिरीचे ना? समुद्राची सहल म्हणून भाट्याच्या खाडीवर कोणाला नेलं असतंत का? लाटेचा आवाज आला पाहिजे.

आईंचं वाचून वाईट वाटलं. मला फोन केला असतात तर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो असतो.

अप्पा

---

प्रेषक: बंड्या (टुवॉन्ग)
मंगळवार, दुपारी १:२०

आम्ही विद्यार्थी पाच जण, मोटार कोणाकडेच नाही. कुठेही ठरवा, पण ट्रामच्या जवळ ठरवा एवढीच विनंती.

गणपतीनंतर तिघांच्या आईबाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा जे झालं ते आधीच सांगतो, म्हणजे इतरांचं होणार नाही.

एका कार्डावर एकच माणूस. मी माझंच कार्ड सगळ्यांसाठी टेकवायला गेलो, ते चालत नाही. माणशी वेगळं कार्ड, नाहीतर वेगळा फोन. एका मित्राच्या बाबांकडे भारतातलं रुपे कार्ड होतं, तेही चालत नाही. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेक्स लागतं. पाहुण्यांना सरळ गो कार्ड, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, काढून द्या.

ट्राममध्ये आत यंत्र नसतं, फलाटावरच्या खांबावर असतं. कार्ड तिथे टेकवायचं, मग चढायचं. उतरल्यावरही टेकवायचं, तेही त्याच कार्डाने. काकू घाईत आत शिरल्या, दार लागलं आणि त्यांचं टेकवायचं राहून गेलं. पुढच्या स्टेशनापर्यंत त्या उभ्याच होत्या, बसायला तयार होईनात. म्हणाल्या, "पैसे न भरता कशी बसू?"

भाडं माणशी पन्नास सेंट. उतरल्यावर तासाभरात दुसरं वाहन पकडलं तर तो एकच प्रवास धरतात, म्हणजे टुवॉन्गहून साउथपोर्टपर्यंत पन्नास सेंटच. फक्त विमानतळाची गाडी यात येत नाही. कोणाचे पाहुणे त्याच दिवशी उतरणार असतील तर ते भाडं वेगळं धरा.

– बंड्या

---

प्रेषक: वहिनी (ट्वीड हेड्स)
मंगळवार, दुपारी ३:५०

जागा कुठलीही असो, पत्रकावर दहा वाजता लिहिलंय ते कोणाचे दहा? न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरपासून घड्याळ तासभर पुढे आहे. आमच्या घरी अकरा वाजतात तेव्हा तुमच्याकडे दहा. कूलंगाटाला रस्ता ओलांडला की माझा फोन कधी इकडची वेळ दाखवतो, कधी तिकडची. कोजागरीला आम्ही याच गोंधळात तासभर आधी आलो आणि बंद हॉलच्या पायरीवर मुलांना घेऊन बसलो. दूध आटवायला मीच मदत केली म्हणा, पण दरवेळी नको. पत्रकात "क्वीन्सलँडची वेळ" असं स्वच्छ लिहा.

आम्हाला बर्ली सोयीचं, दारातून ७०० मिळते. साउथपोर्टला जायचं तर ब्रॉडबीच साउथला ट्राम घ्यावी लागेल. एक बदल आहे, करू.

---

प्रेषक: काका (पाम बीच)
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

वहिनी, दारातून ७०० मिळते खरी, पण ती ब्रॉडबीचला पोचते कधी ते विचारा. ट्रामच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ब्रॉडबीच ते बर्ली हायवे २०२२ पासून खणलेला आहे. जेमतेम सात किलोमीटरचं काम. रविवारी त्या पट्ट्यात बस मुंगीसारखी सरकते.

आणि आमच्या दारात तर ट्राम येणारच नाही. बर्लीपासून विमानतळावरून कूलंगाटापर्यंतचा चौथा टप्पा सरकारने २०२५च्या सप्टेंबरात रद्द केला. आमच्या गल्लीत लोकांनी आनंद केला. मला फार वाईट वाटलं. मी सत्तरीला आलोय, आणखी पाच वर्षांनी मोटार चालवीन की नाही माहीत नाही.

---

प्रेषक: अप्पा
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

काका, मी तुमच्याशी सहमत नाही. पाम बीचला हायवे अरुंद, त्यातून रूळ टाकले तर दुकानदारांनी काय करायचं? ब्रॉडबीचला खोदकामात किती जणांचा धंदा बसला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बस वाढवा, वेगळी मार्गिका द्या, माझी ना नाही.

---

प्रेषक: नाना (सनीबँक)
मंगळवार, रात्री ८:३०

रूळ नकोत म्हणणारे तेव्हाही होते. या किनाऱ्याला गाडी होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? साउथपोर्टला १८८९ साली आगगाडी आली, ट्वीड हेड्सला १९०३ साली. ब्रिस्बेनची माणसं डबे बांधून गाडीने समुद्रावर यायची. मग मोटारी वाढल्या, ट्वीड हेड्सचा फाटा १९६१ साली आणि साउथपोर्टचा १९६४ साली बंद केला. रूळ उखडले, जमिनी गेल्या. पुन्हा गाडी हेलन्सव्हेलपर्यंत यायला १९९६ साल उजाडलं, आणि तीही समुद्रापासून दूर, आतून. रॉबिनाला पोचली १९९८ साली, त्याच वर्षी आपल्याकडे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आमच्या आईने रत्नागिरी स्टेशनात पहिली गाडी पाहिली तेव्हा ती रडली होती, अजून सांगते.

हेलन्सव्हेलला उतरून समुद्राकडे जायचं तर २०१७च्या डिसेंबरपर्यंत बसशिवाय गत नव्हती. ट्राम २०१४ साली सुरू झाली, पण ती हॉस्पिटलपाशीच संपायची. रेल्वेला जोडली ती राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर. आज वीस किलोमीटरवर एकोणीस स्टेशनं आहेत. ती वापरायची सोडून आपण मोटारी लावायला जागा शोधत फिरतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

नाना

---

प्रेषक: ताई (सहल समिती)
मंगळवार, रात्री ९:०५

नाना, काका, अप्पा, इतिहास आणि चौथा टप्पा कृपया वेगळ्या विषयाखाली. मला अजून पातेल्याचं उत्तर मिळालेलं नाही.

---

प्रेषक: माई
बुधवार, पहाटे ५:१५

मी सहसा लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

हे गेल्यापासून मी मोटारीवर अवलंबून आहे, म्हणजे दुसऱ्याच्या. सहलीला यायचं तर आठ दिवस आधीपासून "मला कोण नेणार?" हे विचारायला जिवावर येतं. मुलगा नाही म्हणत नाही, पण त्याच्या आवाजावरून कळतं. दोन वर्षं मी गुडघ्याचं कारण सांगून घरीच बसले. गुडघा बरा होता.

२०२४च्या ऑगस्टात भाडं पन्नास सेंट झालं तेव्हा म्हटलं, एकदा एकटीने जाऊन बघू. चुकले तर परत येईन, पन्नास सेंटच गेले. सेंट्रलहून गाडी, तासाभरात हेलन्सव्हेल, तिथे उतरले आणि घोळक्यामागून चालत ट्रामपाशी गेले. ट्राममध्ये एक ओला मुलगा उभा होता, लाटांवर खेळायची त्याची लांब फळी ठेवायला वेगळी खोबण होती. पाणी ठिबकत होतं. त्याने माझी पिशवी उचलून बाकावर ठेवली. मी ब्रॉडवॉटरला उतरले, झाडाखाली बसले, दशम्या खाल्ल्या. तेव्हापासून महिन्यातून दोन बुधवार जाते. कोणाला विचारावं लागत नाही.

अप्पा, तुम्ही जागा धरता, चटया टाकता, सगळ्यांना हाका मारून जेवायला बसवता, हे मी विसरलेले नाही. बर्ली सुंदर आहे. पण मला तिथे कोणीतरी न्यावं लागतं, आणि ब्रॉडवॉटरला मी येते. या दोन्हींत फार अंतर आहे हो.

लाटांचं म्हणाल तर जेवून ट्रामने पुढे जाता येतं. ब्रॉडवॉटरनंतर मेन बीच, मग सर्फर्स पॅरडाइज नॉर्थ, सायप्रस अव्हेन्यू, चौथं कॅव्हिल अव्हेन्यू. मी मोजलेली आहेत. उतरून चालत गेलं की समोर समुद्र. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, मुलांना आधी बजावून ठेवा. बदली बसची मला भीती नाही. बसायला जागा मिळाली की झालं.

– माई

---

प्रेषक: बंड्या (टुवॉन्ग)
बुधवार, सकाळी ८:४०

माई, आम्ही पाचही जण सेंट्रलला तुमच्याबरोबर गाडीत चढतो. बीनलीला बसची रांग लागली तर आम्ही उभे राहतो, तुम्ही सावलीत बसा.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, सकाळी ९:२५

माई, दोन वर्षं तुम्ही आला नाहीत तेव्हा मी गुडघ्यासाठी तेल पाठवलं होतं. खरं कारण कळलं असतं तर स्वतः न्यायला आलो असतो. असो.

ब्रॉडवॉटर करा. मी सहाला जाऊन झाडाखालची जागा धरतो. कुठल्या स्टेशनाच्या बाजूचं झाड ते नानांनी सांगावं, मला तिथली झाडं माहीत नाहीत. जेवण झाल्यावर तीनच्या ट्रामने मी लाटांकडे जाणार, ज्यांना यायचंय त्यांनी यावं.

मात्र मसालेभात तिथे नेऊन गरम करू नका. त्या विजेच्या शेगडीचा सपाट तवा आहे, पातेलं नीट बसत नाही, मध्येच खाली लागतो. बर्लीला एकदा अर्धा भात करपला होता. घरूनच वाफाळता आणा, गोधडीत गुंडाळून.

अप्पा

---

प्रेषक: काका (पाम बीच)
बुधवार, सकाळी ११:००

माझ्या जावयाची यूट आहे, मागे उघडा हौदा असलेली मोटार. पातेली, चटया आणि पाण्याचे कॅन मी नेतो. ताई, शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे येऊन रिकामी पातेली बघून जाईन, म्हणजे दोर किती लागेल ते कळेल. भात रविवारी साडेआठला तयार ठेवा, क्वीन्सलँडचे साडेआठ.

---

प्रेषक: ताई (सहल समिती)
बुधवार, दुपारी १२:३०

झालं तर मग. ब्रॉडवॉटर पार्कलँड्स, सकाळी दहा, क्वीन्सलँडची वेळ (वहिनी, पत्रक बदललं). गाडीने येणाऱ्यांनी तासभर हाताशी ठेवून निघा, बीनलीला बदली बसला वेळ जाईल. दोन जादा गो कार्डं माझ्याकडे आहेत, ज्यांच्या पाहुण्यांना हवीत त्यांनी आजच कळवा. अप्पा, झाड मी आणि नाना शनिवारी जाऊन ठरवतो, फोटो पाठवते.

काका, मोठ्या पातेल्याचं झाकण सैल आहे, यूटमध्ये उडेल.

---

प्रेषक: माई
बुधवार, दुपारी १:१०

झाकण बांधायला ह्यांचा जुना पंचा आहे, जाड आहे. शनिवारी काका येतील तेव्हा मी ताईकडे असेन.

– माई