मदत हवी आहे: एक्सेलमध्ये कोर्सचा एकूण निकाल काढताना गैरहजर मुलांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात एका छोट्या क्लासमध्ये अकाउंटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स शिकवते, निकालही मीच लावते. माहितीपत्रकात छापलंय: चाचण्या २० टक्के, असाइनमेंट २०, मिडटर्म २०, फायनल ४०. पण जुन्या शीटमध्ये नुसती बेरीज केलेली! पाच चाचण्या मिळून ५० गुणांच्या, असाइनमेंट १००, मिडटर्म ५०, फायनल ८०, म्हणून २८० पैकी टक्के. म्हणजे घरून करून आणलेली (कोणी केली ते विचारू नका) असाइनमेंट फायनलपेक्षा भारी. एकाचे चाचण्यांत ३०, असाइनमेंटला ९२, मिडटर्मला २७, फायनलला ४४. बेरजेने ६८.९३ टक्के, प्रत्येकाचे आधी टक्के काढून मग भारांशाने (छापलेल्या २०-२०-२०-४० ने) गुणलं तर ६३.२.

ते मी समप्रॉडक्टने (जोड्यांचे गुणाकार करून बेरीज देणारं एक्सेलचं फंक्शन) नीट केलं. अडलंय पुढे. जुलैत लोकल बंद पडल्या की दिवा-बदलापूरकडची मुलं येऊच शकत नाहीत. त्या चाचणीपुढे मी 'गैह' (गैरहजर) लिहिते. आता एका मुलीने दोनच चाचण्या दिल्या, दोन्हीत ९, तर एक्सेलचं सरासरीचं फंक्शन अ‍ॅव्हरेज तिला ९० टक्के देतं. पाचही देणारा ७६ वर. 'गैह'च्या जागी शून्य टाकलं तर ती थेट ३६ वर येते. दोन्ही पटत नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, अ‍ॅव्हरेज रिकामा रकाना आणि अक्षरं सोडून देतं, शून्य मात्र धरतं. त्यामुळे न सांगता दांडी मारणाऱ्याला शून्य, खरं कारण असलेल्याला 'गैह'. आणि पाचपैकी सर्वोत्तम तीनच धरा: लार्जने (सर्वात मोठे आकडे काढून देणारं फंक्शन) पहिले तीन घ्या, बेरीज करून ३० ने भागा. तीनपेक्षा कमी आकडे असले की लार्ज एरर देतं. ती आयएफएररने (एररच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) झाकू नका, कोणाची फेरचाचणी राहिलीय ते त्यातूनच कळतं. राउंड (आकडा पूर्णांकात आणणं) फक्त शेवटच्या रकान्यात, नाहीतर अर्धा-पाऊण टक्का उगाच इकडेतिकडे होतो.

धागाकर्ती
आभार! सरांनी 'सर्वोत्तम तीन'ला होकार दिलाय. पण चालू बॅचला नियम मध्येच बदलायचा नाही म्हणतात, पुढच्या बॅचपासून. त्या मुलीला या वेळी राहिलेल्या तिन्ही चाचण्या शनिवारी परत देते.