गेटवेचा एफएक्सओ पोर्ट लाइन सोडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मालवणात आमच्या लॉजवर व्हीओआयपी गेटवे (साधे फोन आणि लाइन इंटरनेटवरच्या कॉलशी जोडणारा डबा) बसवलाय. एफएक्सएस पोर्टवर खोल्यांचे फोन, एफएक्सओवर बाहेरची तांब्याची लाइन. बाहेरच्याने फोन ठेवला तरी पोर्ट लाइन धरूनच बसतो, हिरवा दिवा तसाच, आणि पुढच्या माणसाला एंगेज. पावसात इथे मोबाइलची रेंज जाते, सगळी भिस्त या लाइनवरच, त्यामुळे फार जीव टांगणीला लागतो. समोरच्याने फोन ठेवल्याचं गेटवेला कळावं म्हणून सेटिंगमध्ये बिझी टोन ४०० हर्ट्‌झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद, असा भरलाय. पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल संपल्याची खूण म्हणून लाइनच्या तारांचं अधिक-उणे उलटवणं) एक्स्चेंजकडून मागून घ्यावं का?

दुसरं, बाहेरच्या लाइनसाठी आधी ० दाबतो. रत्नागिरीचा ०२३५२ लावला की गेटवेच्या राउटिंगमध्ये (कॉल कुठे, कसा पाठवायचा त्या नियमांत) दोन्ही शून्यं कापली जातात. एकच कापायचा नियम कुठे लिहायचा?