मदत हवी आहे : थीमचं डिझाइन पेनपॉट या डिझाइनच्या साधनात करू की थेट ब्राउझरमध्ये?

मराठी लेखांच्या साइटसाठी वर्डप्रेसची थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) स्वतः लिहितोय. पीएचपी, सीएसएस नीट येतं. अडतं ते डिझाइनपाशी. आधी गिंप या चित्र-संपादकात पानं केली, पण ती नुसती चित्रंच राहिली. मग फिग्मा हे ऑनलाइन डिझाइन-साधन वापरलं. १४४० पिक्सेलच्या चौकटीत सुरेख दिसणारं पान ३६० च्या मोबाइलवर विस्कटलं. शिवाय इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही, वेलांट्या-उकार दाटीवाटीने बसतात. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

लिनक्स वापरतो, त्यामुळे अडोबी नको. पेज बिल्डरही (कोड न लिहिता पानं जुळवणारं प्लगिन) नको. पेनपॉट मोफत आणि मुक्तस्रोत आहे, त्यातले फ्लेक्स व ग्रिड लेआउट (घटक ओळीत किंवा जाळीत मांडायच्या पद्धती) सीएसएससारखेच चालतात, म्हणून तिकडे ओढा आहे.

तर पेनपॉटमध्ये पूर्ण पानं आखावीत, की कागदावर कच्चा आराखडा काढून रंग आणि अक्षरांचे आकार थेट कोडमध्येच ठरवावेत? देवनागरी थीम केलेल्यांनी काय केलं?