सुरक्षा कमिटीत मशीनवरचा माणूस हवाच

डायसेटर: भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये २२ वर्षं प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवतोय. मागच्या महिन्यात शेजारच्या प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. कॉन्ट्रॅक्टवर लागून ११ दिवस झाले होते. प्रेसला सेन्सर आहे, पण अडकलेला जॉब, म्हणजे बनत असलेला भाग, काढायला हात घातला की मशीन थांबायची, म्हणून तो बंद करून ठेवलेला. सगळ्या शिफ्टला माहीत होतं. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षेची शपथ घेतली तेव्हाही तो बंदच होता. माझी मागणी एवढीच: सुरक्षा कमिटीत मशीनवरचा माणूस घ्या, आठवड्यातून अर्धा तास प्रेस थांबवा आणि ऑपरेटरला विचारा, कुठे हात जाता जाता वाचला?

वर्कशॉपवाला: वाईट झालं. पण माझ्याकडे १८ माणसं, ६ प्रेस. अर्धा तास बंद म्हणजे माल लेट. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही अशी दोन बटणं मी स्वतः बसवली, तर पोरांनी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं. आधी शिस्त, दंड. कमिटी नंतर.

डायसेटर: पट्टी का लावली, ते विचारलंत का दादा? आमच्याकडे जॉब अडकायचा, कारण इजेक्टरची, म्हणजे तयार जॉब बाहेर ढकलणाऱ्या भागाची, स्प्रिंग मेली होती. अपघातानंतर ती मीच बदलली, २० मिनिटं लागली. त्या पोराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं कोणाला?

सेफ्टीवाला: दंडाचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २१ बघा. यंत्र चालू असेपर्यंत गार्ड, म्हणजे धोक्याच्या भागावरचं आवरण, जागेवर ठेवण्याची जबाबदारी मालकाची होती. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापनाचे सारखे प्रतिनिधी असलेली कमिटी सक्तीची झाली. नुसतं पत्रा दाबणारं शॉप सहसा त्यात बसायचं नाही. बोटं मात्र तिथेच जातात.

जुना कामगार: कमिटी मीही पाहिलीय. माणसं मॅनेजरने निवडलेली, रजिस्टरवर सह्या, चहा, संपलं. कॉन्ट्रॅक्टचा पोरगा बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद. आधी तो बोलल्यावर कामावर राहील, याची हमी द्या. नाहीतर अर्धा तास सगळे गप्प बसतील.

डायसेटर: हे पटलं. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी ठेवा, आणि उघडताना दोन ऑपरेटर समोर हवेत.

वर्कशॉपवाला: शनिवारी सुटायच्या आधी १५ मिनिटं देऊन बघतो, पगारी वेळेत. पण नगाचा रेट वाढवायला सांगू नका, तो गिऱ्हाईक ठरवतो.

जुना कामगार: मग पहिल्या शनिवारी पोरं रेटचंच बोलतील. पट्टी त्याच्यासाठीच लावली होती, जास्त नग काढायला.