पुनर्विकासाआधी घर विकणारा करंटा? अजिबात नाही!

चौथा_मजला
काल इथे एकाने लिहिलं, "सोसायटीत पुनर्विकासाचं वारं असताना जो घर विकतो तो करंटा. चार-पाच वर्षं कळ काढा, फुकटात मोठं घर मिळतं." त्यावर माना डोलावणारेच जास्त, म्हणून सविस्तर लिहिते.

कळ काढायची म्हणजे कुणी? माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. दोन्ही गुडघे गेलेत, इमारतीला लिफ्ट नाही. खाली उतरताना प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून थांबतात, मागून कुणी आलं की भिंतीला चिकटून "जा बाळ पुढे" म्हणतात. आमची सोसायटी १९८४ ची. पुनर्विकासाची पहिली सभा झाली तेव्हा माझा मुलगा शाळेत होता, आता नोकरी करतो. मधल्या काळात विकासक आले, सादरीकरणं करून गेले. विकसन करार अजून नाही. ज्यांना मोठं घर मिळायचं त्यांना मिळो, सासूबाईंना लिफ्ट आत्ता हवी आहे.

आणि नुसत्या पैशाचं बोलायचं तरी, विकायची खरी वेळ हीच. प्रस्ताव आकाराला आलाय, करार व्हायचाय. घेणाऱ्याला वाढीव जागेची आशा असते आणि त्या आशेचे पैसे तो आज मोजतो. एकदा इमारत पाडली की घर म्हणून दाखवायचं काय, तर पत्र्याचं कुंपण. बँका कर्जाला का-कू करतात, विकासकाची ना हरकत मागावी लागते. उरतात ते रोकडवाले, आणि ते भाव पाडूनच मागतात.

पार्लेकर_भाचा
ताई, सासूबाईंचं पटलं. पण त्यावरून सरसकट नियम काढू नका. माझ्या आत्याने पार्ल्यातलं घर असंच "आता कोण थांबणार" म्हणून विकलं. त्या पैशात विरारला घर आलं. ज्याने तिचं घर घेतलं त्याला पुढे त्याच जागी मोठा फ्लॅट मिळाला, मधल्या काळाचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी. आत्या मात्र शेवटपर्यंत लोकलने पार्ल्याच्या डॉक्टरकडे येत राहिली, कारण तिचं सगळं जग तिथेच होतं. आशेचे पैसे मिळतात म्हणता, ते पूर्ण कधीच मिळत नाहीत. धोका घेणाराच नफा नेतो.

पागडीतला_माणूस
धोका घेणारा नफा नेतो हे पत्राचाळीत जाऊन सांगा. गोरेगाव, सिद्धार्थनगर, ६७२ कुटुंबं. २००८ साली करार झाला आणि पुढची दहा वर्षं उलटली तरी घरं नाहीत. भाडं थकलं, काही माणसं वाट बघत गेली. तिथला प्रत्येक जण "कळ काढा" हेच ऐकून बाहेर पडला होता.

पार्लेकर_भाचा
एक पत्राचाळ दाखवून हजारो पूर्ण झालेल्या इमारती खोट्या ठरत नाहीत. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा. सभेला किती सभासद हवेत, निविदा कशा काढायच्या, विकासकाने बँक गॅरंटी द्यायची, सगळं लिहिलंय.

पागडीतला_माणूस
लिहिलंय. तुमच्या सोसायटीने ती गॅरंटी कागदावर घेतली का, एवढं सांगा. बहुतेक ठिकाणी "विकासक ओळखीचा आहे" म्हणून सोडून देतात.

शेअर_सर्टिफिकेट
तुम्ही आधी-नंतर करत बसलात, पण सोसायटी सुखाने विकू देते का? मी गेल्या वर्षी वडिलांचा फ्लॅट विकला. घेणारा तयार, त्याचं कर्ज मंजूर. बँकेला सोसायटीचं पत्र हवं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "पुनर्विकास येतोय, तुम्हाला भाव चांगला आलाय, सोसायटीला काहीतरी द्या." काहीतरी म्हणजे लाखांत! पावतीवर लिहिणार "ऐच्छिक देणगी". हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ च्या परिपत्रकापासून. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, हस्तांतरणाला सोसायटीची ना हरकत लागतच नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तरी मी पैसे भरले, कारण घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत होती. घर कधी विकावं याचं माझं उत्तर: कमिटी बदलल्यावर.

खजिनदार_२ब
दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. मी अशाच एका कमिटीत बिनपगारी काम करतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाकीची गळती, स्ट्रक्चरल ऑडिट, या खर्चाला सभेत हात वर होत नाहीत. विकून जाणारा माणूस मात्र आम्ही रात्री जागून मिळवलेल्या प्रस्तावामुळे वाढलेला भाव खिशात घालून जातो. त्याने इमारतीसाठी काही ठेवलं तर काय बिघडलं?

शेअर_सर्टिफिकेट
काय बिघडलं? बेकायदा आहे, हे बिघडलं! वडिलांनी पस्तीस वर्षं मेंटेनन्स एक दिवस न चुकवता भरला. ते गेल्यावर महिन्याभरात माझ्याकडे देणगी मागता? पत्र अडवून घेतलेल्या पैशाला देणगी नाही, खंडणी म्हणतात.

खजिनदार_२ब
खंडणी शब्द मागे घ्या. मी एक रुपया घरी नेलेला नाही.

शेअर_सर्टिफिकेट
तुम्ही नेला असं म्हटलंच नाही. पत्र अडवलं की नाही, तेवढं सांगा.

खजिनदार_२ब
आमच्याकडेही एकदा अडवलं गेलं. माझा विरोध होता, पण इतिवृत्तात त्याची नोंद नाही. नियम तुमच्या बाजूने आहे, हे मान्य. निधीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही लिहून ठेवा.

एक_एप्रिल
भांडणात विक्रीच्या नफ्यावरच्या कराचं राहूनच गेलं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर रहिवासी व्यक्तीला दोन्ही हिशेब करून बघता येतात: इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, जो कर कमी तो. घर १९८४ चं म्हणजे खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आत्ताच करून घ्या. आणि लिफ्टचं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलंत तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावरचा कर वाचतो. बांधकाम चालू असेल तर तीन वर्षं. भाव कधी शिखरावर जाईल ते कुणाला कळत नाही, या तारखा मात्र आधीच कळतात.

पार्लेकर_भाचा
हे उपयोगाचं. घर घेणं आणि विकणं एकाच बाजारात होणार असेल तर तेजी-मंदीने फार फरक पडत नाही, हेही मानतो. माझा आक्षेप परिसर सोडण्याला आहे. पार्ल्यातून पार्ल्यात जाणाऱ्याला मी अडवणार नाही.

चौथा_मजला
मग आपलं भांडण निम्मं मिटलं. आम्ही त्याच गल्लीत तळमजल्याचं घर बघतोय. क्षेत्रफळ कमी आहे, पण सासूबाईंच्या मैत्रिणी, दवाखाना, वाचनालय चालत जाण्याइतके जवळ. तुमच्या आत्याचं वाचून हे मात्र पक्कं केलं, की आधी ते घर ठरवायचं, मगच आपलं विकायला काढायचं. तोवर पुनर्विकासाचा करार झाला तर भाव थोडा कमी घेऊ, पण त्यांना विरारला पाठवणार नाही.

आणि खजिनदारसाहेब, आमच्या कमिटीने पत्र अडवलं तर मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जाणार आहे. शुल्काचे २५,००० आनंदाने भरीन. पुढचा रुपया नाही.

खजिनदार_२ब
जा. अर्जासोबत उपविधींची प्रत जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.