रविवारच्या कुंड्या : जमवलेल्या सामानातलं काय घ्यायचं, काय नाही

सेक्रेटरी, ए-५०१
रविवारी १० वाजता गच्चीवर कुंड्या करायच्या आहेत. आत्तापर्यंत जमलेलं सामान असं: २ लिटरच्या बाटल्या १४, पत्र्याचे डबे ९, रंगाच्या बादल्या ५, जुने टॉवेल ६, फुटक्या कानाचे मग ७, थर्माकोलचे खोके २, सुतळीचे गुंडे आणि एक टायर. कशाचं काय करायचं ते जाणकारांनी आजच सांगावं. रविवारी गच्चीवर वाद नकोत.

बी-१०२ काका
टायर परत पाठवा. आतल्या घडीत पाणी साठतं, कितीही भोकं पाडली तरी सगळं निघत नाही. डासांची सोय होते.

ए-२०२ काकू
बादल्या कशाच्या आहेत ते आधी बघा. पाण्यात मिसळायच्या रंगाच्या असतील तर वाळलेला थर सोलून, साबणाने धुऊन चालतील. ऑइलपेंट, थिनर किंवा कीटकनाशकाचं काहीही नको, धुऊनही नको.

सी-३०४ ताई
बाटल्यांना भोकं कुठे पाडायची? मागच्या वेळी झाकणाला पाडली होती ती उलटी टांगायची होती म्हणून. या उभ्या ठेवायच्या आहेत.

बी-१०२ काका
ताई, बाटली उलटी करून तळ बघा. पाकळ्यांसारखे पाच फुगवटे दिसतील. मधे जो जाड टिकला आहे तिथे सगळे भोक पाडायला जातात. तो सगळ्यात टणक भाग, खिळा घसरतो, आणि वर तो उंचावर असतो, त्यामुळे पाणी पाच पायांमध्ये साठून राहतं. भोक प्रत्येक पायाला पाडायचं, पण अगदी टोकाला नाही, टोकाच्या किंचित बाजूला. टोक फरशीला टेकतं आणि भोक बुजतं. पाच पाय, पाच भोकं, प्रत्येक ५ ते ६ मिमी. खिळा पकडीत धरून मेणबत्तीवर तापवा, दाबू नका, टेकवला की आपोआप उतरतो. हे काम उघड्यावरच करायचं. आणि पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा कोणी आणलाच तर त्याला तापलेला खिळा लावू नका, त्यातून निघणारा वायू घशाला आणि डोळ्यांना वाईट. पीव्हीसीला ड्रिलच.

बी-४०३
कापलेल्या कडा हाताला लागतात त्याचं काय?

बी-१०२ काका
इस्त्री. तिचं बटण सिल्कवर ठेवा, तळव्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, आणि कडा २-३ सेकंद टेकवून गोल फिरवत जा. कड आत वळून गुळगुळीत होते, शिवाय तोंड ताठ होतं. जास्त वेळ ठेवली तर सगळं तोंडच आवळून वाकडं होईल.

सी-३०४ ताई
आणि तळाला खडी किती घालायची, दोन बोटं?

ए-२०२ काकू
शून्य.

सी-३०४ ताई
काकू, सगळीकडे खडीच सांगतात!

ए-२०२ काकू
सांगतात, पण पाणी तसं वागत नाही. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा आणि ताटात आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. मातीचंही तसंच. मातीच्या खालच्या टोकाला थोडा भाग नेहमी ओला राहतो आणि तो भाग किती जाड हे मातीच्या पोतावर ठरतं. खाली खडी घातली की बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, खडीच्या वर अडतं. म्हणजे ओला थर तेवढाच राहतो, फक्त दोन बोटं वर मुळांजवळ सरकतो. छोट्या कुंडीत दोन बोटं म्हणजे पाव कुंडी गेली. माती बाहेर जाऊ नये एवढंच हवं असेल तर भोकावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवा.

बी-४०३
स्पंज करून बघितला. खरंच गळतं 😮

सेक्रेटरी, ए-५०१
पत्र्याच्या डब्यांवर या. नऊ आहेत.

सी-२०१ काका
डबा लाकडी फळीवर सरळ ठेवा आणि भोक आतून बाहेर पाडा. खोल डब्यासाठी लांब खिळा घ्या. बाहेरून ठोकलं तर भोकाची कड आत वर उचलली जाते आणि तिच्या उंचीएवढं पाणी तळाशी कायम राहतं. गंज तिथूनच सुरू होतो. बाहेर आलेली कड हातोडीने चपटी करा, नाहीतर फरशीला ओरखडे. मग तळ आणि भोकांभोवतीचा भाग आतून-बाहेरून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर), तो वाळला की ऑइलपेंटचा एक हात. तरी पत्रा दोन-तीन पावसाळ्यांपुरताच धरा.

खरं तर पत्र्याच्या डब्यात थेट माती भरूच नये. उन्हात बाजू तापतात आणि मुळं बाजूलाच वाढतात. रोप नर्सरीच्या काळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवी डब्यात. डबा फक्त अंगरखा. तळाला भोक तरीही पाहिजेच.

ए-२०२ काकू
पिशवी डब्याच्या तळापासून उचललेली असू दे, खाली बाटलीची दोन झाकणं ठेवली की झालं.

सी-३०४ ताई
सुतळी डब्यांनाच गुंडाळायची आहे. किती लागेल?

सी-२०१ काका
मोजा. डबा १० सेमी व्यासाचा, तर घेर साधारण ३१ सेमी. उंची १२, पण खालचा १ सेमी मोकळा सोडायचा. उरले ११. सुतळी ६ मिमी जाड असेल तर १८ वेढे. १८ गुणिले ३१, म्हणजे साडेपाच मीटरच्या वर, सुरुवात-शेवट धरून एका डब्याला ६ मीटर. खालचा सेंटिमीटर मोकळा का? बशीतलं पाणी सुतळी वातीसारखं वर खेचते आणि महिन्याभरात काळी पडते.

सी-३०४ ताई
ग्लू गनने चिकटवू ना?

सी-२०१ काका
सावलीत ठेवायचे असतील तर चालेल. उन्हातल्या पत्र्यावर तो गोंद पुन्हा मऊ होतो आणि वेढे खाली घसरतात. साधा पांढरा गोंद पाण्याने फुगतो. चपलांना लावतात तो रबरी चिकट पदार्थ घ्या. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. ओला असताना दाबला तर पकड येत नाही.

सेक्रेटरी, ए-५०१
बादल्यांवर मुलांना रंगकाम करायचंय. मागच्या वर्षीच्या गेटजवळच्या बादल्यांचा रंग सालासारखा निघाला.

सी-२०१ काका
निघणारच. बादलीच्या तळाला त्रिकोणात ५ किंवा २ आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलिन, २ म्हणजे एचडीपीई. या दोन्हींवर रंग धरत नाही, पृष्ठभाग मेणासारखा असतो. बाटलीवरचा १ त्या मानाने सोपा. बादल्यांसाठी: साबणाने धुवा, वाळवा, १८० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा आणि मग प्लास्टिकसाठीचा प्रायमर. भिंतीचा प्रायमर नको. त्यावर अॅक्रिलिकचे दोन पातळ हात. एक जाड हात म्हणजे सोलायची तयारी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला तर घासणं कमी पडलंय.

बी-४०३
घासणं मुलांना देऊ. मोठ्यांनी चित्र काढावं 😄

सी-२०१ काका
घासणं हेच निम्मं काम आहे. ठिपक्यांची नक्षी हवी असेल तर ब्रश उलटा धरा, दांडीचं टोक रंगात बुडवून टेकवा. दर ठिपक्याला नव्याने बुडवलं तर ठिपके सारखे येतात. एकदा बुडवून चार काढले तर ते आपोआप लहान होत जातात, त्याचीच नक्षी होते. थर्माकोलवर स्प्रेचा डबा मारू नका, त्यातल्या द्रावकाने खोका खड्डे पडून विरघळतो. पाण्याचाच रंग.

ए-२०२ काकू
बादल्यांना भोकं तळाला ६, १० मिमीची, आणि बाजूला तळापासून बोटभर वर आणखी ३. तळ सपाट असतो, गच्चीला चिकटला की खालची सगळी बंद.

बी-४०३
मगांना काय करायचं? ते तर काचेसारखे.

बी-१०२ काका
हिऱ्याची कड असलेलं पोकळ बिट, ६ किंवा ८ मिमी. मग उलटा ओल्या फडक्यावर ठेवा, जागेवर कागदी चिकटपट्टी, ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत फिरणं) बंद, गती कमी. पाण्याचे थेंब टाकत राहायचे. सुरुवातीला ड्रिल तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा आणि मग हळूहळू सरळ करा. सरळच टेकवलं तर बिट तळावर नाचतं. तळ फुटतो तो शेवटच्या क्षणी, आरपार जाताना जोर तसाच राहिला म्हणून. आवाज बदलला की हात सैल सोडा. पाणी जवळ आहे, तेव्हा बॅटरीवरचं ड्रिल वापरा, वायरचं नको.

सी-३०४ ताई
आणि टॉवेलच्या सिमेंट कुंड्या? त्यांचाच मुलांना जास्त उत्साह आहे.

बी-१०२ काका
त्या रविवारी पूर्ण होणार नाहीत, हे आधीच सांगतो. पद्धत अशी:

टॉवेल सुती, लूपवाला. पॉलिस्टरचा सिमेंट धरत नाही. आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा. कोरडा टाकला तर तो सिमेंटमधलंच पाणी पितो आणि वरचा थर पिठासारखा भुगा होतो. २ मग सिमेंटला साधारण १ ते सव्वा मग पाणी. पाण्यात सिमेंट टाकायचं, उलट नाही, म्हणजे गुठळ्या कमी. दाटपणा ऑइलपेंटएवढा. टॉवेल त्यात चोळून चोळून माखा, मधला भाग विसरू नका, कारण तोच तळ होणार आहे.

बादली उपडी, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी. तळाच्या मध्यावर तेल लावलेला बोटभर पाइपाचा तुकडा उभा ठेवा. टॉवेलला तिथे छोटी चीर देऊन तो पाइपावरून खाली घाला. चुण्या हातानेच पाडा, वाळल्यावर काही बदलत नाही. दोन तासांनी उरलेल्या मिश्रणाचा एक हात ब्रशने, पाइपाभोवती जास्त. वर ओलं पोतं, सावली. २४ तासांनी बादली आणि पाइप अलगद काढा. पुढे ७ दिवस रोज पाणी मारायचं. उन्हात वाळवायला ठेवली की केसासारख्या भेगा आल्याच म्हणून समजा.

हातमोजे रबरी, सगळ्यांना. ओलं सिमेंट त्वचा भाजतं आणि ते लगेच जाणवत नाही. मुलांनी चुण्या पाडायच्या त्याही मोजे घालूनच.

ए-२०२ काकू
आणि त्यात लगेच रोप लावू नका. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो. सात दिवसांनंतर कुंडी पाण्याने भरून ठेवायची (भोकाला बूच मारून), रोज पाणी बदलायचं. आठवड्याने त्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. लाल झाली तर अजून बदला, पिवळी राहिली तर लावा.

सी-२०१ काका
रंगही लगेच नको. ओल्या क्षारावर ऑइलपेंटचा साबण होतो, अक्षरशः. २८ दिवसांनी, आणि तोही बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक.

सेक्रेटरी, ए-५०१
म्हणजे टॉवेल या रविवारी, रंग पुढच्या महिन्यात. मातीचं प्रमाण सांगा, मी आणायची व्यवस्था करतो.

ए-२०२ काकू
१० घमेल्यांत ४ माती, ३ कंपोस्ट, २ भिजवून फुगवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ जाड वाळू. निवडुंग आणि मांसल पानांच्या झाडांना कंपोस्ट १ आणि वाळू ३. कुंडी काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं पाण्याला.

बी-४०३
कठड्याच्या बाहेरच्या बाजूला बाटल्या टांगल्या तर खालून छान दिसतील.

बी-१०२ काका
बाहेर नाही. ओली माती लिटरला एक ते दीड किलो धरा, २ लिटरची बाटली म्हणजे दोन-तीन किलो कोणाच्या तरी डोक्यावर. आतल्या बाजूला टांगा, आणि तार काठाच्या भोकातून ओवू नका, वर्षभराच्या उन्हाने ते प्लास्टिक कडक होऊन तिथेच फाटतं. तार तळाखालून झोळीसारखी घ्या.

सेक्रेटरी, ए-५०१
बशा ठेवणाऱ्यांनी दर आठवड्याला ओतून, घासून घ्यायच्या. नुसतं ओतून अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटलेली असतात. हिऱ्याचं बिट कोणाकडे आहे?

बी-१०२ काका
८ चं आहे माझ्याकडे. ६ चं मागच्या मगात झिजलं.